भट्टीच्या पायथ्याचं घर

२००५ सालचं एक कृष्णधवल छायाचित्र आहे. बैठकीच्या खोलीतल्या गालिच्यावर आजी आणि नात बसल्या आहेत. आजी ऐंशीची, नात तेविशीची. फोटोसाठी म्हणून आणलेलं हसू कुणाच्याच चेहऱ्यावर नाही. छायाचित्र नातीनेच काढलेलं, त्यामुळे ती चौकटीत आहे आणि चौकटीमागेही आहे. नाव अगदी साधं, ‘ग्रँडमा रूबी अँड मी’. रूबी आजी आणि मी.

नातीचं नाव लाटोया रूबी फ्रेझियर. आजीचं नाव तिच्या नावातच आहे. लहानपणीची बरीच वर्षं ती या आजीच्या हाताखाली वाढली. सोळाव्या वर्षाच्या सुमारास तिने छायाचित्रं काढायला सुरुवात केली, २००१ पासून घरातल्या माणसांवर कॅमेरा धरला आणि पुढची बारा-तेरा वर्षं तो खाली ठेवला नाही. आजी, आई आणि ती स्वतः, या तिघींच्या आयुष्यातून तिने आपल्या गावाचा इतिहास सांगितला. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं, पिट्सबर्गच्या पूर्वेला मनाँगहीला नदीच्या काठावर वसलेलं ब्रॅडॉक हे ते गाव.

गावाला इतिहास नव्हता असं नाही, उलट त्याचा तोरा मोठा होता. ब्रॅडॉक हे नावच एका ब्रिटिश सेनापतीचं. ९ जुलै १७५५ रोजी एडवर्ड ब्रॅडॉकच्या फौजेचा इथल्या जंगलात फ्रेंच आणि त्यांच्या बाजूने लढणाऱ्या मूळनिवासी योद्ध्यांनी धुव्वा उडवला. ब्रॅडॉक जबर जखमी झाला आणि चार दिवसांनी मेला. त्याच्या दिमतीला तेवीस वर्षांचा एक तरुण होता, जॉर्ज वॉशिंग्टन. त्या रणभूमीवर सुमारे एकशेवीस वर्षांनी अँड्र्यू कार्नेगी या स्कॉटिश विणकराच्या मुलाने पोलादाचा कारखाना उभा केला. पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या अध्यक्षाचं, एडगर थॉमसनचं, नाव त्याला दिलं. बडं गिऱ्हाईक कोण असणार, हे त्या नावावरूनच कळतं. १८७५ मध्ये तिथून रेल्वेचे रूळ बाहेर पडू लागले.

लोखंडाचं पोलाद करण्याची बेसेमर पद्धत तेव्हा नवी होती. वितळलेलं बिडाचं लोखंड नासपतीच्या आकाराच्या मोठ्या पात्रात ओतायचं आणि खालून त्यात हवेचा झोत सोडायचा. हवेतल्या प्राणवायूने लोखंडातला कार्बन जळतो, त्या जळण्याच्या उष्णतेनेच रस आणखी तापतो, आणि काही मिनिटांत टनावारी पोलाद तयार होतं. त्या वेळी पात्राच्या तोंडातून जी ज्वाळा उठे, तिने नदीवरचं आकाश रात्रीसुद्धा तांबडं होई.

इथे एक धागा थेट आपल्याकडे येतो. ब्रॅडॉकच्या झोतभट्ट्यांनी १८८० च्या दशकाच्या तोंडावर उत्पादनाचे विक्रम केले तेव्हा तिथे ज्युलियन केनेडी हा इंजिनिअर काम करत होता. पुढे १९०२ मध्ये मुंबईचे जमशेटजी टाटा पोलादाचा कारखाना काढायच्या ध्यासाने अमेरिकेत गेले, तेव्हा पिट्सबर्गमध्ये ते याच केनेडीला भेटले. जमशेदपूरचा कारखाना उभारण्यात पुढे केनेडीच्या कंपनीचा हात होता.

कार्नेगीच्या कारखान्याची घडी बसवली ती कॅप्टन बिल जोन्स या व्यवस्थापकाने. बारा तास भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस नीट काम करू शकत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. त्याच्या आग्रहावरून इथे आठ तासांची पाळी सुरू झाली. त्या काळात ही गोष्ट फार मोठी होती. पण ती टिकली नाही. खर्च परवडत नाही म्हणून कार्नेगीने बारा तासांची पाळी परत आणायचं ठरवलं, कामगारांनी विरोध केला, टाळेबंदी झाली, आणि १८८८ मध्ये कामगार हरले. ३० मार्च १८८९ रोजी त्याच कार्नेगीने त्याच कामगारांना एक वाचनालय भेट दिलं. अमेरिकेत त्याने पुढे सोळाशेहून अधिक वाचनालयांना पैसा दिला, त्यातलं हे पहिलं. कारखान्यातून काजळी माखून आलेल्या माणसाला पुस्तकाला हात लावण्याआधी अंग धुता यावं म्हणून तळघरात न्हाणीघरं होती. १८९३ मध्ये इमारत वाढली, तिच्यात संगीत सभागृह आलं, पोहण्याचा तलावही आला.

या दोन तारखांमध्ये जेमतेम वर्षाचं अंतर आहे. ब्रॅडॉकचा इतिहास लिहिणाऱ्यांनी वाचनालयाची तारीख नेहमी ठळक अक्षरात छापली. बारा तासांच्या पाळीची तारीख शोधावी लागते. आठवड्याचे सातही दिवस काम, आणि दिवसपाळी-रात्रपाळी बदलताना पंधरवड्यातून एकदा सलग चोवीस तास. अशा माणसाने वाचायला कधी जायचं, हा प्रश्न भेट देणाऱ्याने विचारायला हवा होता. १८८९ च्याच सप्टेंबरात बिल जोन्स भट्टीच्या स्फोटात भाजून मेला. अमेरिकेच्या पोलाद उद्योगातली बारा तासांची पाळी जायला १९२३ उजाडलं.

१९०१ मध्ये कार्नेगीने आपला सगळा पसारा ४८ कोटी डॉलरला विकला आणि जे. पी. मॉर्गनच्या पुढाकाराने युनायटेड स्टेट्स स्टील ही महाकाय कंपनी जन्माला आली. ब्रॅडॉक वाढतच होतं. स्लोव्हाक, हंगेरियन, पोलिश, आयरिश, इटालियन, ज्याने त्याने आपापली चर्चं बांधली, आपापली दुकानं थाटली. १९२० च्या जनगणनेत गावची वस्ती २०,८७९ होती. ब्रॅडॉक अव्हेन्यू हा मुख्य रस्ता म्हणजे आसपासच्या खोऱ्याची बाजारपेठ. शनिवारी तिथे सिनेमाला, खरेदीला, नुसतं हिंडायला लोक येत.

या गावाचं आणि परिसराचं चित्रण अनेकांनी केलं. १९०७-०८ मध्ये पिट्सबर्ग परिसरातल्या कामगारांची मोठी पाहणी झाली, तिच्यासाठी लुईस हाइनने कामगारांचे चेहरे टिपले. १९५५ मध्ये यूजीन स्मिथ तीन आठवड्यांच्या कामासाठी पिट्सबर्गला आला आणि एका शहराला आपल्या छायाचित्रांत संपूर्ण पकडायचं या वेडाने हजारो निगेटिव्ह जमवत राहिला. थॉमस बेल हा ब्रॅडॉकच्याच स्लोव्हाक कुटुंबातला लेखक. त्याने १९४१ मध्ये ‘आऊट ऑफ धिस फर्नेस’ ही कादंबरी लिहिली आणि तीन पिढ्यांची भट्टीशी बांधलेली कहाणी सांगितली. १९७० च्या दशकापासून टोनी बुबा या ब्रॅडॉककराने गावाच्या पडझडीवर छोटे-छोटे माहितीपट केले. यातलं प्रत्येक काम मोलाचं आहे. तरी ही सगळी चित्रं एकत्र ठेवली तर त्यांच्यात फार थोड्या वेळा दिसणारं एक माणूस आहे: काळी बाई, तिच्या स्वतःच्या घरात.

काळे लोक या गावात नव्याने आलेले नव्हते. पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारा मजूर आटला तेव्हा कारखान्यांनी दक्षिणेकडच्या राज्यांत दलाल पाठवून काळे शेतमजूर आणले. १९१९ च्या मोठ्या पोलाद संपात तो संप मोडण्यासाठीही त्यांना आणलं गेलं, आणि मग त्याचा राग गोऱ्या कामगारांनी दशकानुदशकं मनात ठेवला. कामं मिळाली ती कोक भट्ट्यांवरची, झोतभट्ट्यांवरची, जिथे उष्णता आणि धूर सर्वांत जास्त. एका विभागातली सेवाज्येष्ठता दुसऱ्या विभागात धरली जात नसे, म्हणून चांगल्या खात्यात जायचं तर पुन्हा तळापासून सुरुवात. या पद्धतीवर न्यायालयाच्या देखरेखीखाली तोडगा निघाला तो १९७४ मध्ये. नऊ पोलाद कंपन्या आणि कामगार संघटना यांनी मिळून ३ कोटी ९ लाख डॉलरची भरपाई आणि बढतीचे नवे नियम मान्य केले. घरांच्या बाबतीतही तेच. काळ्या वस्त्यांना कर्ज द्यायला बँका तयार नसत, त्यामुळे ज्यांना गाव सोडून टेकडीवरच्या उपनगरात जाणं शक्य होतं ते गेले, आणि ज्यांना ते दार बंद होतं ते खाली राहिले. कारखान्याजवळच्या त्या सखल भागाला लोक ‘बॉटम’ म्हणतात. लाटोयाचं बालपण तिथलं.

तिघींच्या जन्मसालांकडे पाहिलं की गावाचा आलेख समोर येतो.

रूबी आजी १९२५ ची. तिच्या लहानपणी ब्रॅडॉक अव्हेन्यूवर गर्दी होती, दुकानांच्या काचा चकाकत होत्या. आई १९५९ ची. त्याच वर्षी पाच लाख पोलाद कामगारांनी ११६ दिवसांचा संप केला. कारखाने बंद असताना गिऱ्हाइकांनी जपानचं आणि युरोपचं पोलाद घेऊन पाहिलं, आणि ती सवय पुढे सुटली नाही. तिच्या बालपणी गोरी कुटुंबं गाव सोडून चालली होती, दुकानं एकामागून एक फळ्या ठोकत होती. लाटोया १९८२ ची. त्या वर्षी शेजारच्या कॅरी भट्ट्यांमधली शेवटची धग विझली. दोन वर्षांनी ड्युकेनची डोरोथी सिक्स ही मोठी भट्टी बंद झाली, १९८६ मध्ये नदीपलीकडचं होमस्टेड गेलं. ती सहा वर्षांची असताना, १९८८ मध्ये, राज्य सरकारने ब्रॅडॉकला आर्थिक संकटातली नगरपालिका म्हणून जाहीर केलं. पुढच्या काळात अमली पदार्थांचा विळखा पडला आणि त्याविरुद्धच्या सरकारी मोहिमेचा दणकाही याच मोहल्ल्यांना बसला.

एडगर थॉमसन कारखाना मात्र चालू राहिला. हे ध्यानात ठेवायला हवं. ब्रॅडॉकचं वैभव गेलं, पण धूर गेला नाही. कमी माणसांत कारखाना चालायला लागला, पगार घेऊन घरी जाणारे आता बाहेरगावी राहात होते, आणि काजळी मात्र गावातल्या खिडक्यांच्या कठड्यांवर पहिल्यासारखीच बसत होती.

एडिनबोरो विद्यापीठात लाटोया कला शिकायला गेली तेव्हा छायाचित्रणाच्या प्राध्यापक कॅथी कोवाल्स्की तिला भेटल्या. गरीब ग्रामीण कुटुंबांमध्ये आणि तुरुंगातल्या बायकांमध्ये राहून काम केलेली ही बाई. आपल्या घरापासून सुरुवात करायचं बळ तिथे मिळालं. गॉर्डन पार्क्सचं काम तिने पाहिलं. तारण ठेवलेल्या वस्तूंच्या दुकानातून कॅमेरा विकत घेणारा हा काळा छायाचित्रकार कॅमेऱ्याला वंशद्वेषाविरुद्धचं हत्यार मानत असे. पुढे सिरॅक्यूज विद्यापीठात कॅरी मे वीम्स शिक्षक म्हणून लाभल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती एका काळ्या स्त्रीचं सगळं आयुष्य मांडणारी वीम्स यांची १९९० ची छायाचित्रमाला प्रसिद्ध आहे. घरातली चार भिंतींची जागा इतिहासाला पुरते, हे लाटोयाने इथूनही घेतलं असणार.

आणि एक छायाचित्र तिच्यापुढे होतं, जे छायाचित्रण शिकणाऱ्या प्रत्येकापुढे येतं. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाटाण्याच्या शेताशेजारी डोरोथिया लँगने एका आईचं छायाचित्र काढलं. दोन मुलं तिच्या खांद्यांत तोंड लपवून उभी, मांडीवर तान्हं, आणि हनुवटीला हात लावून ती कुठेतरी दूर बघते आहे. महामंदीचा सर्वांत परिचित चेहरा तो. लँगने तिचं नाव विचारलं नव्हतं. ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन होती हे जगाला कळलं १९७८ च्या सुमारास, बेचाळीस वर्षांनी. त्या चित्रातल्या मुलांपैकी एखादीच्या हातात कॅमेरा असता तर? ब्रॅडॉकमधलं काम पाहताना हा प्रश्न पुनःपुन्हा मनात येतो, कारण इथे तेच घडलं आहे. खांद्यामागे तोंड लपवलेल्या मुलीने वळून कॅमेरा हातात घेतला.

वयात येणं म्हटलं की छायाचित्रांत काय असतं, याचे ठरलेले नमुने आहेत. शाळेतला निरोप समारंभ, पहिली गाडी, मित्रमैत्रिणींचा कट्टा, नदीवर पोहणं. लाटोयाच्या चित्रांत यातलं जवळपास काहीच नाही. तिथे गादी आहे, औषधांच्या बाटल्या आहेत, आरसा आहे, आजीचा फ्रिज आहे, पलंगाच्या कडेला बसलेली आई आहे. २००३ च्या एका चित्रात आजी लाटोयाच्या सावत्र पणजोबांना पुसून काढते आहे. पणजोबा कारखान्यातून निवृत्त झालेले. ज्या शरीराने एके काळी पोलाद ओढलं, त्याला आता अंग पुसायलाही दुसऱ्याचा हात लागतो. वीस-एकवीस वर्षांची मुलगी हे बघत मोठी झाली आणि तिने बघायचं टाळलं नाही.

चांगला छायाचित्रकार दूर उभा राहतो, आपली सावलीही पडू देत नाही, अशी एक जुनी शिकवण आहे. या मुलीने ती मोडली. २००८ च्या ‘मॉमी’ या चित्रात आईचा चेहरा एका बाजूने दिसतो आणि त्याच्या मागून लाटोयाचा चेहरा समोर बघतो. नाक आईचं, डोळा लेकीचा, कुणाचं काय हे क्षणभर उमगत नाही. शीर्षकाची अक्षरंही तशीच जुळवलेली, आई हा शब्द आणि मी हा शब्द एकमेकांत अडकलेले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चित्रात लाटोयाच्या अंगात ‘कॉस्बी शो’मधल्या हक्सटेबल कुटुंबाचं चित्र छापलेला टीशर्ट आहे. डॉक्टर बाप, वकील आई, हसरी मुलं, १९८० च्या दशकात दूरचित्रवाणीने देशाला दाखवलेलं काळं कुटुंब ते हेच. मागे आरशात खरी आई दिसते. त्या एका टीशर्टने आणि एका आरशाने जेवढं सांगितलं आहे तेवढं सांगायला अभ्यासकांना प्रकरणं लागतील.

आई नुसती बसून राहिली नाही, हे यातलं सर्वांत महत्त्वाचं. दोघींचं नातं सरळ नव्हतं. मायलेकींमध्ये लहानपणापासून अंतर पडलेलं होतं, आणि छायाचित्र काढायच्या निमित्ताने त्या एका खोलीत येऊ लागल्या. कुठे बसायचं, काय घालायचं, उजेड कुठून घ्यायचा हे आई सांगे. तिला स्वतःला कसं दिसायचं आहे यावर तिचा हक्क होता. पुढे आईला लेकीने सहकलावंत म्हणूनच ओळख दिली. गरिबांची छायाचित्रं काढण्याच्या शंभर वर्षांच्या परंपरेत ज्याचं चित्र काढायचं त्याला असा मान फार थोड्यांनी दिला आहे.

आजारपण या कामाच्या प्रत्येक पानावर आहे. आजी २००९ मध्ये गेली. आईच्या आजारपणांच्या खुणा छायाचित्रांत दिसतात. लाटोयाला स्वतःला ल्यूपस हा आजार आहे, हे ती उघडपणे सांगते. तिचं म्हणणं असं की कारखान्याच्या धुराशेजारी जगल्याची किंमत तिघींच्या शरीरांनी मोजली. एका माणसाचा एक आजार कशामुळे झाला हे सिद्ध करणं अवघड असतं. पण धुराच्या छायेत एका कुटुंबाच्या तीन पिढ्या कशा राहिल्या, हे दाखवता येतं, आणि ते तिने दाखवलं.

आजी गेल्यानंतर तिने आजीच्या रिकाम्या घरात स्वतःची छायाचित्रं काढली. एकात तिने त्या पणजोबांचा रात्रीचा पायजमा-सदरा घातला आहे. सामान हललेलं, भिंती उघड्या. ज्या घराने तिला वाढवलं त्या घराला तिने अंगावर पांघरून घेतलं, एवढंच त्या चित्रांबद्दल म्हणता येतं. ही चित्रं पाहताना सर्वांत जास्त वेळ थांबावंसं वाटतं.

त्याच सुमाराला गावावर आणखी एक घाला पडला. ब्रॅडॉकमध्ये १९०६ पासून इस्पितळ होतं. अनेक वर्षांनी ते यू. पी. एम. सी. या पिट्सबर्गच्या बलाढ्य वैद्यकीय संस्थेकडे गेलं. ऑक्टोबर २००९ मध्ये संस्थेने ते बंद करायचं जाहीर केलं, आणि ३१ जानेवारी २०१० रोजी दारं मिटली. रुग्णसंख्या कमी आणि तोटा जास्त, असं संस्थेचं कारण होतं. गावकऱ्यांनी मोर्चे काढले, फलक धरले, इस्पितळ आमचं आहे म्हणून ओरडून सांगितलं. उपयोग झाला नाही. कारखान्यानंतर गावात रोजगार देणारी सर्वांत मोठी जागा तीच होती. त्या वर्षीच्या जनगणनेत वस्ती २,१५९ भरली. नव्वद वर्षांत दहातली नऊ माणसं गेली, आणि उरलेल्या एकाला इस्पितळही राहिलं नाही.

लाटोयाने हे सगळं टिपलं. मोर्चे, बंद दार, मग पाडापाडी. २०११ च्या एका जोडचित्रात एका बाजूला आईची उघडी पाठ आहे, फेफऱ्याच्या तपासणीसाठी लावलेल्या तारा तिच्यावरून लोंबताहेत. दुसऱ्या बाजूला अर्धवट पाडलेलं इस्पितळ, तुटलेल्या छतांतून लोंबणाऱ्या केबली आणि सळ्या. शेजारी-शेजारी ठेवली की दोन्ही चित्रांतल्या रेषा एकमेकींना मिळतात. बाई आणि इमारत, दोघींच्याही आतलं बाहेर आलेलं.

आणि इस्पितळ बंद झालं नेमक्या त्याच वर्षी, २०१० च्या उन्हाळ्यात, ब्रॅडॉक देशभरच्या जाहिरात फलकांवर झळकलं. लिव्हाईज या जीन्सच्या कंपनीने कामकऱ्यांच्या कपड्यांची जाहिरात इथे केली, मॉडेल म्हणून गावातलीच माणसं घेतली. मोडलेल्या गावात नव्याने वस्ती करायला निघालेल्या धाडसी अग्रदूतांची भाषा त्या मोहिमेत होती. कंपनीने समाजमंदिराची दुरुस्ती आणि शहरी शेती यांसाठी दहा लाखांहून अधिक डॉलर दिले. तेव्हाचे महापौर जॉन फेटरमन, जे नंतर सेनेटर झाले, यांचं म्हणणं होतं की बाकी कुणी मदतीला येत नसताना हा पैसा गावाला हवाच होता. ते खोटं नव्हतं. समाजमंदिर खरंच उभं राहिलं.

पण ‘अग्रदूत’ हा शब्द ज्याला टोचतो तो तिथे आधीपासून राहणाऱ्यालाच टोचतो. ओसाड जागेत पहिलं पाऊल टाकणाऱ्याला अग्रदूत म्हणतात. मग रूबी आजी कोण होती? ज्या गावाचं इस्पितळ काही महिन्यांपूर्वी बंद पडलं, तिथली माणसं जाहिरातीत उद्याकडे आशेने बघताना दिसत होती आणि इस्पितळाचा त्यात उल्लेखही नव्हता. लाटोयाने उत्तर दोन प्रकारे दिलं. त्या जाहिराती आणि इस्पितळासाठीच्या आंदोलनाची छायाचित्रं घेऊन, त्यांवर गावकऱ्यांचं बोलणं हाताने लिहून तिने बारा छापचित्रांची माला केली. दुसरं उत्तर न्यूयॉर्कमध्ये दिलं. सोहो भागात कंपनीने छायाचित्रणाची एक तात्पुरती कार्यशाळा उघडली होती. तिच्यासमोरच्या फुटपाथवर जीन्सचे कपडे घालून ती आडवी झाली आणि दगडावर अंग घासत राहिली, गुडघे फाटले, मांड्या फाटल्या, कापडाच्या चिंध्या झाल्या तरी घासत राहिली. कष्टाच्या कपड्याला कष्ट काय करतात ते तिने रस्त्यावर दाखवलं.

तोवर मोठ्या संस्थांची दारं उघडू लागली होती. २०१२ मध्ये व्हिटनी संग्रहालयाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात तिचं काम होतं, २०१३ मध्ये ब्रुकलिन संग्रहालयात स्वतंत्र प्रदर्शन झालं. त्याच वर्षी तिने हेलिकॉप्टरमधून गावाची छायाचित्रं काढली. इतकी वर्षं ती स्वयंपाकघरात, पलंगाच्या कडेला, आरशासमोर उभी राहून बघत होती. वरून पाहिल्यावर कारखाना गावाएवढा मोठा दिसतो, आणि घरांच्या ओळींमध्ये, दात पडावेत तशा रिकाम्या जागा. २०१४ मध्ये ‘अॅपर्चर’ने ‘द नोशन ऑफ फॅमिली’ हे पुस्तक काढलं. त्यात घरची छायाचित्रं, गल्ल्यांची छायाचित्रं आणि तिचा मजकूर एकत्र येतो, आणि ब्रॅडॉकच्या छापील इतिहासात काळ्या माणसांना जी जागा मिळाली नव्हती ती इथे तिने स्वतः घेतली. २०१५ मध्ये तिला मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली.

पुढे ती मिशिगनमधल्या फ्लिंट गावी गेली, जिथे नळाच्या पाण्यात शिसं आलं होतं, आणि तिथेही ती एका आईच्या आणि तिच्या मुलीच्या घरात जाऊन राहिली. मोटार कारखाना बंद होताना ओहायोच्या लॉर्ड्सटाउनमधल्या कामगारांसोबत तिने काम केलं. बाल्टिमोरच्या आरोग्यसेवकांवरच्या कामाबद्दल २०२२ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी इंटरनॅशनल प्रदर्शनात तिला पुरस्कार मिळाला, आणि त्या पुरस्काराचं नाव कार्नेगी पुरस्कार. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तिच्या वीसेक वर्षांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं.

ब्रॅडॉकचं वाचनालय १९७४ मध्ये बंद पडलं होतं, पाडायचंही ठरलं होतं. शेवटच्या ग्रंथपालाने ते वाचवलं, आणि १९८३ मध्ये मुलांची वाचनखोली पुन्हा उघडली. २०२० च्या जनगणनेत गावात १,७२१ माणसं होती. जून २०२५ मध्ये युनायटेड स्टेट्स स्टील ही कंपनी जपानच्या निप्पॉन स्टीलने विकत घेतली. १९५९ च्या संपात ज्या देशाच्या पोलादाची सवय गिऱ्हाइकांना लागली होती, त्याच देशाची कंपनी आता एडगर थॉमसनच्या भट्ट्यांची मालक आहे, आणि भट्ट्या पेटलेल्या आहेत.

२००८ च्या आणखी एका कामाचं नाव आहे ‘मॉम मेकिंग अॅन इमेज ऑफ मी’. आई माझी प्रतिमा घडवताना. त्यात कॅमेरा आईकडे आहे. ज्या बाईला गावाच्या इतिहासात जागा नव्हती, ती यंत्रामागे उभी आहे, आणि तिची लेक तिच्यासमोर.